क्रमांक एक्केचाळीसचा शेरा

प्रिय शून्यबाई,

या नावाने हाक मारायचा हक्क माझ्याकडे अजून शिल्लक आहे की नाही, माहीत नाही. पण तुझं शाळेच्या दाखल्यावरचं नाव पत्रावर लिहायला गेलो तर हात अडला. तू सहा वर्षांची असताना मोजमापाच्या फितीचं शून्याचं टोक भिंतीला दाबून उभी राहायचीस आणि मी फीत ओढत समोरच्या भिंतीपर्यंत जायचो. मी विचारायचो, "शून्य पक्कं?" आणि तू सगळी इमारत दणाणेल एवढ्याने ओरडायचीस, "पक्कं!" या इमारतीतलं एकही माप तुझ्या शून्याशिवाय घेतलेलं नाही. म्हणून शून्यबाईच.

दहा महिने झाले तुझा माझा शब्द नाही. तू आईला फोन करतेस, आई मुद्दाम माझ्या शेजारी बसून मोठ्याने बोलते, आणि "बाबांना देऊ का?" म्हटलं की तू "बरं, ठेवते" म्हणतेस. ते मला इकडे ऐकू येतं. फोनवर बोलायचं तर माझा आवाज आपोआप चढतो, म्हणून लिहितोय. गेले सात आठवडे माझं डोकं ठिकाणावर नाही. चिडलोय. इतका चिडलोय की परवा पाना हातात असताना पानाच शोधत होतो. कोणावर चिडलोय ते पुढे येईल. आधी झालं काय ते क्रमाने सांगतो, कारण क्रम सोडला की मला काही सुचत नाही, हे तुला माहीत आहे.

पाच नंबरच्या खोलीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई तुला आठवत असतील. वरच्या मजल्यावर डावीकडे, म्हातारी आई सोबत, खिडकीशी मशीन. पाच वर्षांत त्यांची एक तक्रार नाही. नळ गळला तर स्वतः वायसर बदलून मला नंतर सांगायच्या. सात आठवड्यांपूर्वी, सकाळी मी जिन्याचा कठडा घासत बसलो होतो, तेव्हा त्या खाली आल्या. इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही अशी खात्री केली आणि हळूच म्हणाल्या, "मालक, घरात ढेकूण झालेत. कृपा करून गाजावाजा न करता बघा. माझं काम लोकांच्या कपड्यांचं आहे. बाहेर कळलं तर कोणी रुमालसुद्धा शिवायला देणार नाही."

आता तू म्हणशील, यात चिडण्यासारखं काय आहे? सांगतो. माझ्या इमारतीत ढेकूण, हे वाक्यच मला लागलं. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाने रद्दीतली पुस्तकं वाचून वायरिंग शिकावं, नळकाम शिकावं, गवंडीकाम शिकावं, पडीक इमारत घेऊन सहा खोल्या उभ्या कराव्यात, प्रत्येक खोलीत स्वतःच्या हाताने केलेला पलंग ठेवावा, एकही खिळा न मारता, खाच आणि खुंटीवर. आणि कोणी सकाळी येऊन सांगावं की यात ढेकूण आहेत! मी म्हटलं, पुरावा काय? त्या वर गेल्या आणि एक वहीचा कागद घेऊन आल्या. कागदावर पारदर्शक चिकटपट्टीखाली तीन ढेकूण ओळीने चिकटवलेले. प्रत्येकाखाली तारीख, वेळ, जागा. "उशीची डावी शिवण, सकाळी सहा दहा." "पलंगाचं डोकं, उजवा कोपरा, सकाळी साडेसहा." अक्षर असं की पाटीवर रंगवून घ्यावं. खरं सांगतो, एरवी अशी नोंद कोणी दाखवली असती तर मी त्याला चहा पाजला असता. त्या दिवशी मात्र तो कागद मला तोंडावर मारल्यासारखा वाटला.

माझं तक्रार रजिस्टर तू पाहिलं आहेस. जाड पुठ्ठ्याचं, प्रत्येक तक्रारीला एक पान, पानावर सहा रकाने: क्रमांक, तारीख, तक्रार, पाहणी, शेरा, आणि शेवटी निवारण झाल्याची तक्रारदाराची सही. त्यात क्रमांक चव्वेचाळीस म्हणून हे चढवलं आणि बॅटरी घेऊन वर गेलो. एक तास चाळीस मिनिटं पाहणी केली. गादी उलटी केली, भिंतीच्या भेगा बघितल्या, दोन ठिकाणी लांबी भरून त्या बुजवल्या, खिडकीची चौकट ठोकून बघितली. पलंगाच्या सांध्यांकडे बघितलं नाही. का बघायचं? ते मी केलेले आहेत. त्यात कागद जात नाही. त्या बाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "पलंगाचं डोकं बघा की मालक, उजवा कोपरा." मी म्हटलं, बाई, तुमच्याकडे गावभरचे कपडे येतात, त्यातून कोणाच्या घरातले आले असतील. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "कपडे कपाटात असतात. ढेकूण माझ्या आईच्या अंथरुणात आहेत. आईच्या पाठीवर बघता का? रांगेने चट्टे आहेत, टीप घातल्यासारखे." मी म्हातारीच्या पाठीकडे बघितलं नाही. खाली येऊन लाल शाईने शेरा लिहिला: निराधार. कारण, भाडेकरूचा व्यवसाय.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण पाच दिवसांनी त्या परत आल्या, या वेळी कागदावर अकरा. क्रमांक पंचेचाळीस. मग मी ठरवलं, बाहेरचा माणूस कशाला, औषध मीच मारतो. दुकानातून फवाऱ्याचे डबे आणले, नाकाला फडकं बांधलं आणि फक्त पाच नंबर धुऊन काढला. आणि औषध मारण्याच्या आदल्या दिवशी, रीतसर कळवावं म्हणून, जिन्याच्या फलकावर सूचना लावली. तुला माझी सूचनेची अक्षरं माहीत आहेत, दीड इंची, पट्टी लावून. "खोली क्रमांक ५ मध्ये ढेकणांची तक्रार असल्याने उद्या औषध फवारणी होईल. इतरांनी दारं लावून घ्यावीत."

गाजावाजा न करता, असं त्या म्हणाल्या होत्या. ते माझ्या कानावर पडलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. मला वाटलं, नियम म्हणजे नियम, सूचना लागलीच पाहिजे. सहा नंबरच्या क्लार्कसाहेबांनी ती सूचना जिन्यात उभं राहून, चष्मा वर करून, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवली. सरकारी नोकरीत जन्म गेला, कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही त्यांना. दोन दिवसांत कपडे परत मागायला बायका यायला लागल्या. अर्धवट शिवलेले, टाचण्या लावलेले कपडे. एक बाई तर वर चढलीच नाही, खालूनच म्हणाली, "पिशवी खाली टाका, मी उन्हात टाकते." हे मी कठड्यापाशी उभा राहून ऐकलं. मशीनचा आवाज त्या आठवड्यात थांबला. खाली आपल्या घरात तो आवाज मधली खोली ओलांडून छतातून यायचा, आईला त्यावर झोप लागायची. आई म्हणाली, "अहो, घर कसं मुकं झाल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, तू तुझं काम बघ.

महिनाअखेर खोली सोडते, असं त्या बाईंनी चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवलं. चार ओळी, त्यातही तारीख आणि वेळ घातलेली. चुकूनसुद्धा एक कडवा शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. म्हाताऱ्या आईला घेऊन, गिऱ्हाईक तुटलेलं, ती बाई कुठे खोली शोधणार? आणि नवा मालक विचारणार, जुनी का सोडली? ती काय सांगणार? मी रोज सकाळी उठून स्वतःला समजावत होतो की माझं काही चुकलेलं नाही, आणि रोज सकाळी ते समजावायला आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ लागत होता.

मग सहा नंबरचे क्लार्कसाहेब आले. तीन प्रतींत अर्ज! एक माझ्यासाठी, एक त्यांच्यासाठी, तिसरी कोणासाठी ते त्यांनाच ठाऊक. "विषय: ढेकणांचा उपद्रव, आपण केलेल्या फवारणीनंतर सुरू झालेला." शेवटचे शब्द अधोरेखित. मी म्हटलं, साहेब, तुमच्याकडे कोणाचे कपडे येतात? तर म्हणाले, "माझ्याकडे फक्त वर्तमानपत्र येतं, आणि ते तुम्ही आधी वाचून मग पाठवता." क्रमांक सेहेचाळीस लिहीत होतो तेव्हा आई मागून येऊन उभी राहिली. "ते रजिस्टरही एकदा झटकून बघा," म्हणाली, "त्यातही असतील." आणि निघून गेली. तीस वर्षांत तिने मला उलट उत्तर दिलं नाही असं मी लोकांना सांगतो. ते खोटं आहे. ती फार थोडं बोलते आणि ते नेमकं बसतं.

शेवटी हात टेकले. ज्याचं हे कामच आहे अशा फवारणीवाल्याला बोलावलं. हडकुळा, तिशीतला, बोलायला तिखट. वर गेला, गादीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ पलंगाच्या डोक्याकडे, उजव्या कोपऱ्यात. खिशातून स्वतःचं नाव छापलेलं कार्ड काढलं आणि माझ्या सांध्यात सरकवलं. गेलं. शून्यबाई, ते कार्ड माझ्या सांध्यात निम्म्यापर्यंत गेलं. "जिथे माझं कार्ड जातं तिथे ढेकूण राहतो, काका," तो म्हणाला. मी सांगायला लागलो की केला तेव्हा यात साधा कागद जात नव्हता. तर म्हणाला, "केलात तेव्हा नसेलच जात. लाकूड ओलं असणार. सुकलं की सांधा उघडतो." मला हे माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं, पानसुद्धा सांगतो. पण तेव्हा खोल्या लवकर तयार करायची घाई होती, लाकूड आणखी सहा महिने ठेवायला हवं होतं, ते मी ठेवलं नव्हतं. त्याने खुंटी काढली. आतून जे बाहेर आलं ते तुला लिहीत नाही. "पलंग झकास आहे," तो म्हणाला, "ढेकणांनीही पास केलाय." त्या बाई दाराशीच उभ्या होत्या. त्या हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढे त्याने विचारलं, वायर कुठून येते? मी अभिमानाने सांगितलं, सगळ्या खोल्यांना एकच नळी, तळापासून गच्चीपर्यंत सरळ, फाटे दोन्ही बाजूंना, मी स्वतः टाकली. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही त्यांना जिना बांधून दिलात." दुकानातलं औषध मी एकाच खोलीत मारलं, त्याने मेले थोडे, पांगले जास्त, नळीतून सहा नंबरात गेले. आणि मुळात पाचात आले कुठून? तो नळीच्या मागे मागे खाली उतरला. पाचच्या बरोबर खाली तीन नंबर. वर्षभर बंद, आपलं जुनं सामान ठेवलेली. मी म्हटलं, तिथे माणूसच नाही, ढेकूण काय करतील? म्हणाला, "माणूस नाही म्हणूनच तर वर गेले. उपाशी होते." दार उघडलं, नळीच्या तोंडाशी बॅटरी धरली. भिंतीवर काळे ठिपके, वाळलेल्या साली. सुरुवात तिथे होती. त्या बाईंच्या कपड्यांचा, त्यांच्या आईचा, कोणाचाही काही संबंध नव्हता.

सहाही खोल्यांत काम झालं. पंधरा दिवसांनी पुन्हा सगळीकडे, कारण अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत. सगळे पलंग मी खोलले, सांधे वाफेने धुऊन काढले, मेणाने भरले, नळीची तोंडं बंद केली. फवारणीवाला जाताना म्हणाला की घरमालक पहिला प्रश्न नेहमी चुकीचा विचारतात. "कोणी आणले?" असं विचारतात. विचारायचं असतं, "कुठवर पोचलेत?" मी हे रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. त्याखाली माझी स्वतःचीही भर घातली: तक्रार आली की त्याच दिवशी वर जायचं. तक्रार करणारा जिथे बोट दाखवेल तिथे आधी बघायचं, मग आपल्याला वाटेल तिथे. शेजारची, वरची, खालची खोली, रिकामी असली तरी. आणि तक्रार करणाऱ्याचा नंबर फलकावर कधीही लावायचा नाही. पन्नाशी उलटल्यावर हे शिकतोय. शिकवणारी मशीनवर बसून शिवत होती, माझ्या डोक्यावर.

मग मी पाच नंबरात गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. रजिस्टर पुढे केलं. त्यांनी चव्वेचाळीस वाचलं, पंचेचाळीस वाचलं, माझे लाल शेरे वाचले. शांतपणे सही केली, आणि सहीखाली एकच शब्द लिहिला: उशिरा. पेन परत देताना म्हणाल्या, "मालक, ती सूचना एकोणीस दिवस फलकावर होती. मी मोजलेत." मी खाली आलो आणि दुसरी सूचना लिहिली. तीच दीड इंची अक्षरं, तीच जागा. "खोली क्रमांक ५ ची तक्रार खरी होती. उगम बंद खोलीत व मालकाने केलेल्या पलंगात होता. चूक मालकाची." क्लार्कसाहेबांना मीच सांगितलं, साहेब, ही पण मोठ्याने वाचा. ते वाचतात. तारस्वरात. आज अकरावा दिवस आहे. खोली सोडणार का, असं मी बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "एकोणीस होऊ देत, मग बघते." काल दुपारी मशीन दहा-बारा मिनिटं चाललं. आई हातातलं काम टाकून खुर्चीत बसली आणि वर बघत राहिली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. मधे एक गोष्ट मी गाळली. तीन नंबरच्या रिकाम्या खोलीत उभं राहून फवारणीवाल्याने विचारलं होतं, "काका, इथला पलंग कुठे गेला?" मी म्हटलं, दिला. "कोणाला?" मी तसाच निघालो. खाली जाऊन रजिस्टर उघडलं. क्रमांक तेहेतीस, खोली तीन, औषधांचा फिरता विक्रेता: दंडावर लाल चट्टे. माझा शेरा: घामोळं. तो माणूस गुरुवारी खोली सोडून गेला आणि शनिवारी तुझं सामान तुझ्या भाड्याच्या खोलीकडे निघालं. सहा पलंगांतला सगळ्यात सरळ निघालेला पलंग तुला द्यायचा म्हणून मी तीन नंबरचा खोलून, खुंट्या पिशवीत घालून, तुझ्याबरोबर पाठवला. पिशवीवर क्रमांकही टाकले होते. आणि मग क्रमांक एक्केचाळीस. ते मी तुझ्या फोननंतर लगेच लिहिलं होतं, कारण मी सगळंच लिहितो: "मुलगी, फोनवरून. अंगावर चट्टे. घरमालकीण पलंगाला दोष देते. तीन नंबरची खोली एकदा बघावी अशी विनंती. पाहणी: केली नाही. शेरा: निराधार." तू फक्त बघा म्हणाली होतीस. तीन नंबरपर्यंत सतरा पायऱ्या होत्या. मी म्हटलं, स्वतःची खोली झाडायला शिक, माझ्या पलंगाला नावं ठेवू नकोस. तिकडे घरमालकिणीने तुला दोन दिवसांत सामानासकट बाहेर काढलं, येताना ढेकूण घेऊन आलीस म्हणून ऐकवलं, आणि तू ते ऐकून घेतलंस, कारण घरूनही तेच ऐकलं होतंस. घेऊन आली होतीस हे खरं. मी दिले होते. सोबत तुझ्या त्या घरमालकीणबाईंसाठी पत्र आहे, पाकीट उघडं ठेवलंय. वाच, वाटलं तर दे, नाही तर फाड. आणि सोबत रजिस्टरचं एक पान आहे. मी आजवर रजिस्टरचं पान फाडलेलं नाही. हेही फाडलं नाही, पोलादी पट्टी लावून ब्लेडने कापलंय. लाल शेरा खोडलेला नाही, त्याखाली निळ्या शाईने लिहिलंय: "तक्रार खरी. पाहणी दहा महिने उशिरा. चूक बाबांची." शेवटचा रकाना रिकामा आहे. निवारण झालं असं वाटत नसेल तर सही करू नकोस. त्या बाईंसारखा एखादा शब्द लिही, काय वाटेल तो, मी वाचीन. पण पान परत पाठव. इथे चाळीसनंतर एकदम बेचाळीस येतो, आणि मला ते बघवत नाही. मी माझ्या बाजूने फीत धरली आहे. शून्य पक्कं आहे का, एवढंच कळव.

तुझाच,
समोरच्या भिंतीपाशी उभा,
बाबा